वाचकांचे प्रश्न : स्किझोफ्रेनिया आणि स्त्री-पुरुषांचे जगणे

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे स्किझोफ्रेनियाशी, म्हणजे भास होणे, संशय येणे अशी लक्षणे असलेल्या गंभीर मानसिक आजाराशी, झगडणाऱ्या कुटुंबांची आहेत. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, शहापूर, निपाणी आणि चिकोडी तालुक्यातील एक खेडे अशा चार ठिकाणांहून ती आली असली, तरी हा आजार बाईला झाला तर तिचे जगणे कसे होते आणि पुरुषाला झाला तर त्याचे कसे होते, हा प्रश्न प्रत्येक पत्रात कुठे ना कुठे आहेच. म्हणून या वेळचे सदर एकाच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी आजारी पडला. तेव्हा तो सैन्यभरतीसाठी रोज पहाटे पळायला जात होता. आमच्या चुलत घरातील वहिनीला हाच आजार तिशीच्या सुमारास, दोन मुले झाल्यावर सुरू झाला. दोघांनाही गोळ्या चालू आहेत. भाऊ आता एकतीस वर्षांचा आहे. दिवसभर पडवीत बसून असतो, फारसे बोलत नाही. वहिनी मात्र स्वयंपाक करते, म्हशीची धार काढते, लग्नकार्यालाही येते. घरातले म्हणतात, बायकांना हा आजार सौम्य असतो. हे खरे आहे का? आजार एकच असताना एवढा फरक कसा?
— एक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : आपण दोघांकडे एकाच वेळी पाहिलेत, हे चांगले झाले. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर वैद्यकशास्त्रात आहे आणि अर्धे आपल्या घरांच्या रीतिभातीत आहे.

आधी वैद्यकीय भाग पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २ कोटी ३० लाख लोकांना स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे साधारण ३४५ माणसांमागे एकाला, आणि त्यांत स्त्रिया व पुरुष जवळपास सारखेच आहेत. फरक आहे तो आजार सुरू होण्याच्या वयात. पुरुषांमध्ये तो बहुधा १८ ते २५ या वयात डोके वर काढतो. स्त्रियांमध्ये सरासरीने तीन ते पाच वर्षे उशिरा, बऱ्याचदा पंचविशीनंतर, आणि काही स्त्रियांना तर पंचेचाळिशीनंतर, पाळी जाण्याच्या सुमारास तो प्रथमच होतो. भारतातील काही पाहण्यांत वयाचा हा फरक तेवढा ठळक दिसलेला नाही, पण आपल्या घरातील दोघांची वये जगभराच्या चित्राशी जुळतात. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक मेंदूला काही प्रमाणात संरक्षण देत असावे, असे यामागचे एक कारण मानले जाते. पाळीच्या आधीच्या दिवसांत, बाळंतपणानंतर आणि पाळी कायमची गेल्यावर अनेक स्त्रियांची लक्षणे वाढतात, त्याचीही संगती यातून लागते. म्हणजे वहिनीला आज जे बरे चालले आहे, ते चाळिशी-पन्नाशीनंतर तसेच राहील असे गृहीत धरता येत नाही; त्या वयात औषधाचा विचार नव्याने करावा लागू शकतो.

दुसरा फरक लक्षणांचा आहे. कानात आवाज येणे आणि संशय येणे ही लक्षणे दोघांतही दिसतात. परंतु उमेद नाहीशी होणे, बोलणे आटणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे, माणसांत मिसळावेसे न वाटणे, ज्यांना आम्ही नकारात्मक लक्षणे म्हणतो, ती पुरुषांमध्ये जास्त प्रमाणात आढळतात. स्त्रियांमध्ये उदासी, रडू येणे, घाबरेपणा अशी भावनांशी निगडित लक्षणे अधिक असतात. आपल्या भावाचे पडवीत बसून राहणे हा आळस नाही, तो आजाराचाच भाग आहे, आणि दुर्दैवाने गोळ्यांचा गुण आवाजांवर जितका येतो तितका या लक्षणांवर येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे एकदा समजून घेतले तर त्याला दिवसातून दहा वेळा ऐकाव्या लागणाऱ्या टोमण्यांतून तरी त्याची सुटका होईल.

या दोन फरकांना आयुष्याच्या टप्प्याची जोड द्या. एकोणिसाव्या वर्षी माणसाचे शिक्षण अर्धवट असते, हाताला कसब नसते, लग्न झालेले नसते. भावाच्या बाबतीत आजाराने घाला घातला तो नेमका त्या वेळी. भरतीच्या धावण्यात बरोबर असलेले मित्र पुढे नोकरीला लागले, संसारी झाले, आणि हा मागे राहिला. वहिनीला मात्र आजाराने गाठण्याआधी दहा-अकरा वर्षे जास्त मिळाली. त्या वर्षांत तिने घरकामाचे कसब मिळवले, नाती जोडली, मुले वाढवली. आज ती लग्नकार्याला येते ती त्या पुंजीवर.

मग तिचे जगणे भावापेक्षा बरे आहे का? इथे मला थांबून सांगावेसे वाटते. जगण्याचा दर्जा मोजताना जागतिक आरोग्य संघटना त्या माणसाचे स्वतःचे मत विचारते : आपण ज्या समाजात राहतो तिथल्या चालीरीतींत, आपल्या अपेक्षा आणि काळज्या लक्षात घेता, आपले आयुष्य आपल्याला कसे वाटते. त्यासाठीच्या २६ प्रश्नांच्या छोट्या प्रश्नावलीत शरीर, मन, माणसांशी असलेले संबंध आणि भोवतालची परिस्थिती असे चार भाग आहेत. चौथ्या भागात पैसा, सुरक्षितता, राहते घर, दवाखान्याची सोय हेही येते. स्किझोफ्रेनिया असलेल्या स्त्री-पुरुषांवर या पद्धतीने झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. अनेक ठिकाणी स्त्रियांना नातेसंबंधांत व दैनंदिन व्यवहारात जास्त गुण मिळाले, काही ठिकाणी फरकच आढळला नाही, तर काही ठिकाणी लक्षणे कमी असूनही स्त्रियाच अधिक असमाधानी निघाल्या. यात मला विसंगती वाटत नाही. आजाराची तीव्रता आणि आयुष्याविषयीचे समाधान या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. समाधान सर्वांत जास्त पोखरते ती उदासी, आणि उदासी स्त्रियांत अधिक असते.

आपल्याकडे बाई बरी झाली हे चुलीवरून ठरते आणि पुरुष बरा झाला हे पगारावरून. या मापाने वहिनी बरी आणि भाऊ वाया गेलेला. पण धार काढताना तिच्या कानात आवाज चालू असतात का, रात्री झोप लागते का, दुधाच्या पैशांतले दहा रुपये तरी तिच्या हाती राहतात का, मुलांच्या शाळेबद्दल तिचे मत कोणी विचारते का, ‘वेडी’ म्हणून तिला शेवटचे कोणी आणि केव्हा हिणवले, हे तिला शांतपणे, एकटीला गाठून विचारा. मी पाहत आले आहे की काम करणाऱ्या बाईची तपासणी पुढे ढकलली जाते. पुरुषाला दवाखान्यात न्यायला घरातली दोन माणसे निघतात आणि बाईच्या गोळ्या कोणीतरी बाजारच्या दिवशी आणून देतो. डॉक्टर तिला वर्षभर पाहतही नाहीत. ‘बायकांना सौम्य असतो’ या समजुतीची किंमत अशी चुकवली जाते.

वहिनीचा आजार सुरू झाला तेव्हाचे पहिले वर्ष कुठे गेले, याचीही चौकशी करा. आपल्या भागात बाईच्या भासांना ‘बाहेरचं झालंय’ किंवा ‘अंगात येतंय’ असे म्हणून देवर्षीकडे महिनोन्‌महिने काढले जातात, आणि उपचार जितका उशिरा सुरू होतो तितका गुण उशिरा येतो. श्रद्धेला माझा विरोध नाही. सौंदत्तीला यल्लम्मादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबांना मी एवढेच सांगते की गोळ्यांची पुडी बरोबर न्या आणि एकही वेळ चुकवू नका.

भावासाठी मात्र काम शोधा, लहान आणि रोज ठरलेल्या वेळेचे. डेअरीवर दूध घालून येणे, पाणी सोडणे, दुकानात तासभर बसणे, यांपैकी काहीही चालेल. आठवडाभर जमले आणि दोन दिवस जमले नाही तर रागावू नये. मिळालेला पैसा, थोडा का होईना, त्याच्या हातात द्यावा.

प्रश्न : माझ्या मुलीला लग्नाआधी दोन वर्षे हा आजार होता. स्थळ मोडेल म्हणून आम्ही सांगितले नाही. लग्नानंतर ती गोळ्या लपवून घ्यायची, पुढे त्या बंद झाल्या आणि बाळंतपणानंतर आजार उसळला. सगळे कळूनही तीन वर्षे तिला नांदवले, पण आता सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले आहे. चार वर्षांचा नातू त्यांच्याकडेच आहे. जावई घटस्फोटाची भाषा करतात. माझ्या दिरांच्या मुलाला हाच आजार आहे, पण त्याची बायको निमूट नांदते. माझ्याच लेकीच्या वाट्याला हे का?
— एक आई, शहापूर, बेळगाव

उत्तर : आई, आपल्या लेकीच्या वाट्याला जे आले ते आपल्या देशात या आजाराच्या अनेक स्त्रियांच्या वाट्याला येते. चेन्नईतील ‘स्कार्फ’ (स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन) या संस्थेने १९८० च्या दशकापासून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. दहा वर्षांनंतर पाहिले तेव्हा अविवाहित राहिलेल्यांत पुरुष जास्त होते आणि संसार मोडलेल्यांत स्त्रिया जास्त होत्या. पुढे याच संस्थेने संसार मोडलेल्या स्त्रियांची वेगळी पाहणी केली, तेव्हा त्यांतील बहुतेक जणी म्हाताऱ्या आई-वडिलांकडे राहत असल्याचे आणि पोटगी फारच थोड्या जणींना मिळत असल्याचे दिसले. आजारी नवऱ्याला सांभाळणे हे बायकोचे कर्तव्य मानले जाते. आजारी बायकोला सांभाळणे हे मात्र नवऱ्याचे उपकार मानले जातात. आपल्या दिरांची सून नांदते आणि आपली लेक परत येते, ती या एका समजुतीमुळे. त्या सुनेचीही कोणीतरी चौकशी करायला हवी, असे मला आपले पत्र वाचताना वाटले.

कायद्याबाबत घाबरून जाऊ नका. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचे कारण आहे आणि त्यात स्किझोफ्रेनियाचा उल्लेखही आहे. मात्र आजार असणे एवढे पुरेसे नाही. जोडीदाराने एकत्र राहावे अशी वाजवी अपेक्षाच करता येणार नाही, इतका तो तीव्र असावा लागतो. केवळ स्किझोफ्रेनियाचे निदान दाखवून घटस्फोट मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले आहे. आजार लपवल्याबद्दल फसवणुकीच्या कारणाने लग्न रद्द करून मागता येते, पण तो अर्ज ही गोष्ट कळल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो, आणि कळल्यानंतरही दोघे स्वखुशीने पती-पत्नी म्हणून राहिले असतील तर तो टिकत नाही. आपल्या लेकीला सगळे कळल्यावरही तीन वर्षे नांदवले आहे, हे वकिलांना आवर्जून सांगा.

पोटगीचा हक्क तिला आहे. घटस्फोटाचा अर्ज होण्याची वाट न पाहताही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली ती मागता येते. पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्कही दिला आहे. नातवाच्या बाबतीत मात्र वेळ दवडू नका. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो. अंतिम निर्णय न्यायालय मुलाचे हित पाहून देते हे खरे, पण आईला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तिची आणि मुलाची भेट तोडता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही सांगून ठेवले आहे की मानसिक आजाराचे निदान झाले म्हणजे माणूस ‘विकल मनाचा’ ठरत नाही. तसे ठरवायला सक्षम न्यायालयाचा निर्णय लागतो. या सर्व कामांसाठी स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मराठी बोलणारा वकील हवा असल्यास तसे अर्ज देतानाच सांगा.

लपवण्याबद्दल माझे मत विचाराल तर ते स्पष्ट आहे : लग्नाआधी सांगावे. नैतिकतेचा मुद्दा आहेच, पण मी डॉक्टर म्हणून सांगते. गोळ्या लपवून घ्याव्या लागणाऱ्या घरात गोळ्या फार दिवस घेतल्या जात नाहीत, आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे, जेव्हा आजार उलटण्याचा धोका सर्वाधिक असतो आणि झोप मुळीच मिळत नाही, तेव्हा डॉक्टरांपर्यंत पोहोचणारे कोणी राहत नाही. आपण जे केले ते लेकीच्या काळजीपोटी केले. त्याचा दोष स्वतःला देत बसण्यापेक्षा आता तिच्या उपचाराला लागा. तिचे स्त्रीधन परत मागा, बँकेत तिच्या एकटीच्या नावाचे खाते उघडा. वडगाव-शहापुरात यंत्रमागाशी जोडलेली घरबसल्या करता येण्याजोगी बरीच कामे मिळतात, त्यांपैकी तिला झेपेल ते बघा. वडिलांच्या घरात ती आश्रित म्हणून राहिली तर आजार आटोक्यात येऊनही तिचे समाधान परत येणार नाही.

प्रश्न : मी तंबाखूच्या वखारीत कामाला जाते. आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, सात वर्षांपासून हा आजार आहे. क्लोझापिनची गोळी चालू आहे. दिवसाला दोन बंडल विड्या ओढतात. मध्ये दवाखान्यात ठेवले होते, तिथे विडी बंद होती, तर सारखे झोपून राहायचे आणि लाळ गळायची. घरी आले, विडी सुरू झाली, तर पुन्हा संशय सुरू. गोळी तीच आहे. लोक म्हणतात, बाई कमावते आणि हा बसून खातो. नवरा-बायकोचे नातेही राहिलेले नाही. मी हे कोणाला सांगू?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, आपले निरीक्षण इतके नेमके आहे की ते तसेच्या तसे डॉक्टरांना सांगा. विडीच्या धुरातील काही घटकांमुळे यकृत क्लोझापिन व ओलान्झापिन ही औषधे नेहमीपेक्षा लवकर संपवते, त्यामुळे तेवढ्याच गोळीचा असर कमी पडतो. विडी एकाएकी थांबली की काही दिवसांतच रक्तातले औषध वाढते, आणि मग गुंगी, लाळ, क्वचित फिट येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणून तंबाखू चघळल्याने किंवा तपकिरीने तो होत नाही, त्यांचे कर्करोगासारखे धोके अर्थातच वेगळे आहेत. विडी सुटायलाच हवी, पण ती डॉक्टरांना आधी सांगून, औषधाची मात्रा जुळवत सोडायची. गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. या आजारात माणसे सरासरीने दहा ते वीस वर्षे लवकर जातात, ती बहुतांशी हृदयविकार, मधुमेह आणि फुफ्फुसांच्या रोगांनी, आणि विडी ओढणारे पुरुष त्यात पुढे असतात.

शरीरसंबंधांची इच्छा किंवा क्षमता कमी होणे हा या प्रकारच्या औषधांचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. पुरुष लाजेने तो सांगत नाहीत, आणि पुष्कळदा गोळ्या गुपचूप बंद करण्याचे खरे कारण हेच असते. त्यावर औषध बदलून, मात्रा कमी करून मार्ग निघू शकतो, म्हणून आपण किंवा त्यांनी हा विषय काढलाच पाहिजे. डॉक्टर पुरुष असतील आणि आपल्याला अवघड वाटत असेल तर दोन ओळी कागदावर लिहून द्या.

‘बसून खातो’ हे वाक्य आपल्याला जेवढे लागते त्याहून त्यांना जास्त लागत असणार. आपल्याकडे पुरुषाची किंमत कमाईवर ठरते. ती गेली की घरातला शब्द जातो, मित्र जातात, आणि तरुण पुरुषांमध्ये आत्महत्येचा धोका वाढतो. त्यांनी तसे काही बोलून दाखवले, अगदी रागाच्या भरात का होईना, तर ते हलके घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. त्यांच्या जुन्या कामाशी नाते असलेले काही, अर्धा दिवस का होईना, मिळते का ते पाहा.

आणि आपण? आपल्या पत्रात स्वतःविषयी एकच ओळ आहे, शेवटची. रुग्ण आई असो, मुलगा असो वा नवरा, शुभंकराची, म्हणजे रुग्णाला सांभाळणाऱ्याची, भूमिका बहुतेक घरांत बाईच निभावते, तीही बाहेरचे काम सांभाळून. म्हणून ‘कोणाला सांगू’ याचे उत्तर मी देते. पुढच्या तपासणीला गेल्यावर डॉक्टरांकडून पाच मिनिटे स्वतःसाठी मागून घ्या. आपली झोप, थकवा आणि रडू येणे हेही त्यांनी ऐकायला हवे. त्याशिवाय १४४१६ या ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर केव्हाही, मोफत, मराठीतून बोलता येते. तो क्रमांक रुग्णांइतकाच घरच्यांसाठीही आहे.

प्रश्न : मी स्वतः रुग्ण आहे. वय चौतीस. रिस्पेरिडोन घेते, आवाज थांबले आहेत. पण वर्षभर पाळी नीट नाही, वजन खूप वाढले आहे. दवाखान्यात दादा बरोबर येतो, त्याच्यासमोर हे बोलता येत नाही, आणि मला कानडी लिहिता-वाचता येत नाही. लग्नाची बोलणी चालू आहेत. मला मूल होईल का? त्यालाही हा आजार होईल का? दादा म्हणतो, ऑपरेशन करून टाकू म्हणजे काळजी नको.
— एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : आपण स्वतः लिहिलेत, याचा मला मनापासून आनंद झाला, या सदराकडे शुभार्थींची, म्हणजे स्वतः रुग्ण असलेल्यांची, पत्रे फार कमी येतात आणि स्त्रियांची तर त्याहूनही कमी.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. आजारावरचा उपाय म्हणून स्त्रीची किंवा पुरुषाची नसबंदी करायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केली आहे. आपल्या इच्छेविरुद्ध असे काही ठरवण्याचा अधिकार दादांना नाही, डॉक्टरांनाही नाही. हे वाक्य आपण त्यांना वाचून दाखवू शकता.

रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल यांसारख्या औषधांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते; त्यामुळे पाळी लांबते किंवा थांबते, स्तनांतून दुधासारखा स्राव येतो, आणि हे अनेक वर्षे चालले तर हाडे ठिसूळ होऊ शकतात. रक्ताची एक तपासणी करून कारण निश्चित करता येते आणि औषध बदलता येते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाळी नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असे नाही. आणि औषध बदलल्यावर गर्भधारणेची शक्यता पुन्हा वाढते. वजनाकडेही डॉक्टरांचे लक्ष वेधा, कंबरेचा घेर, साखर व कोलेस्टेरॉल तपासायला सांगा. या औषधांनी वजन व साखर वाढण्याचा त्रास स्त्रियांना जास्त होतो, आणि तेवढ्याच गोळीचे रक्तातील प्रमाणही स्त्रियांमध्ये काही औषधांच्या बाबतीत जास्त असते. पुरुषाला लागू पडलेली मात्रा बाईला जशीच्या तशी द्यायची नसते.

मूल होऊ शकते. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात दहा असते, म्हणजे नव्वद मुलांना होत नाही. दिवस राहण्याआधी डॉक्टरांना भेटून औषध ठरवून घ्या, फोलिक ॲसिड सुरू करा. आपल्याला व्हॅल्प्रोएट हे औषध दिले जात असेल तर ते गर्भाला घातक आहे, म्हणून त्याचा विचार आधीच व्हायला हवा. दिवस राहिल्याचे कळताच घाबरून सगळ्या गोळ्या बंद करणे हे आईसाठी आणि बाळासाठी सर्वांत धोक्याचे असते. मूल तीन वर्षांहून लहान असताना आईला दाखल व्हावे लागले, तर सर्वसाधारणपणे त्याला तिच्यापासून वेगळे करायचे नसते, अशी तरतूद कायद्यात आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत आई व बाळासाठी स्वतंत्र कक्षही आहे.

डॉक्टरांशी एकटीने बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे. आत गेल्यावर ‘मला दोन मिनिटे एकटीला बोलायचे आहे’ एवढे म्हणा. उपचारांची माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळणे हाही आपला हक्क आहे. कानडी फॉर्मवर, तो मराठीत कोणी वाचून दाखवल्याशिवाय, सही किंवा अंगठा करू नका. आजार बळावला तर आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, हे साध्या कागदावर लिहून, सही करून आपण आजच ठरवू शकता. ती व्यक्ती दादाच असायला हवी असे नाही. आक्का, मैत्रीण, कोणीही विश्वासाचे, सज्ञान आणि तयार असलेले माणूस चालते.

जवळच्या सोयींविषयी थोडे. कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ योजनेखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. आपल्या तालुक्यात कोणत्या मंगळवारी येतात ते आशाताईंकडून कळेल. बेळगावात जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि दाखल होण्याची गरज पडल्यास धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था बेळगावपासून सुमारे ७५ ते ८० किलोमीटरवर आहे. चिकोडी-निपाणीकडचे बरेच लोक कोल्हापूर किंवा मिरजेलाही जातात. कुठेही जा, पण सर्व चिठ्ठ्या एकाच फाईलमध्ये ठेवा; दोन राज्यांतल्या दोन डॉक्टरांकडून एकाच प्रकारच्या दोन गोळ्या चालू असलेले रुग्ण सीमाभागात मी वारंवार पाहते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याप्रमाणे मानसिक आजार हे अपंगत्वाच्या २१ प्रकारांपैकी एक आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तर सवलती मिळतात, आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचे ओळखपत्र, देशभर चालते. राज्याचे निवृत्तिवेतन मात्र आपण जिथले रहिवासी आहात त्या राज्याच्या नियमांप्रमाणे मिळते. ही टक्केवारी ज्या मोजपट्टीने ठरते तिच्यात स्वतःची निगा, माणसांशी वागणे, संवाद व समज आणि काम असे चार भाग आहेत, आणि ‘काम’ या भागात नोकरी व शिक्षणाबरोबर घरकामही धरलेले आहे. ‘घरीच असते’ असे उत्तर दिले की अनेक स्त्रियांची टक्केवारी कमी भरते. म्हणून तपासणीच्या दिवशी पाणी भरण्यापासून भाकऱ्या थापण्यापर्यंत पूर्वी आपण काय करत होता, आज त्यातले काय जमते, काय दुसऱ्याला करावे लागते आणि कशाला दुप्पट वेळ लागतो, हे सगळे आधी लिहून काढा आणि तो कागद बरोबर न्या.